बाळाला गाणी ऐकवल्याने खरंच फरक पडतो का? आणि आईलाच सूर नसेल तर?

चिमणपाखरू:

नमस्कार, पहिल्यांदाच इथे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझी लेक ७ महिन्यांची आहे. गरोदर होते तेव्हापासून जो भेटेल तो एकच सांगायचा, संगीत ऐक, बाळाला ऐकव, मेंदू तल्लख होतो, गणित चांगलं होतं, भाषा लवकर येते. माझ्याकडून ते झालं नाही. ठरवून टाळलं असं नाही, पण शेवटचे २ महिने तब्येतच बरी नव्हती आणि नंतर बाळ आल्यावर झोपेचेच वांधे, गाणी कुठली. आता एका मैत्रिणीने एक प्लेलिस्ट पाठवलीय, बाळाचा मेंदू घडवणारं संगीत असं काहीतरी त्याचं वर्णन आहे, रोज २ तास लावायची म्हणे. लावते मी. पण खरं सांगायचं तर लेक ५ मिनिटं कान देते आणि मग तिचं तिचं चालू, त्या स्पीकरकडे ढुंकूनही बघत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. मला गाता येत नाही. शाळेत गाण्याच्या तासाला बाईंनी मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. मी ९ वर्षांची असेन. त्यानंतर मी कोणासमोर गायलेच नाहीये, एकटी असतानासुद्धा नाही. परवा रात्री लेक खूप रडत होती, नवरा बाहेरगावी, पोट भरलेलं, ताप नाही, काही केल्या थांबेना, आणि काहीच सुचेना तेव्हा मी गुणगुणायला लागले, शब्दसुद्धा नाहीत, नुसतं हं हं हं. ती थांबली. रडता रडता थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, एक हात माझ्या हनुवटीवर ठेवून. मी थांबले की खालचा ओठ बाहेर यायचा, परत सुरू केलं की गप्प. असं अर्धा तास चाललं.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. माझ्या बेसूर आवाजाने तिचा कान बिघडणार तर नाही ना? त्यापेक्षा प्लेलिस्टच लावू का? आणि आधी काही ऐकवलं नाही म्हणजे आता उशीर झालाय का? ज्यांना माहितीये त्यांनी प्लीज सांगा.

सातमात्रा:

ताई, तुमची पोस्ट वाचून गलबलून आलं. मी लहान मुलांना गाणं शिकवते, २० वर्षं होतील आता, आणि ‘तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य मी इतक्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की काय सांगू. ९ वर्षांच्या मुलीला असं सांगणं चूक होतं, बाकी काही नाही. सूर खरोखरच ओळखता येत नाहीत अशी माणसं शंभरात एखाद-दुसरी असतात. बाकीच्यांना सवय नसते, किंवा कोणीतरी त्यांचं तोंड लहानपणीच बंद केलेलं असतं.

कान बिघडत नाही. बाळाचा कान एका आवाजावर घडत नसतो, ती दिवसभरात पन्नास आवाज ऐकतेय. पण त्या पन्नासात तुमचा आवाज तिच्यासाठी वेगळा आहे आणि तो ती जन्मायच्या आधीपासून ओळखते. गर्भातल्या बाळाला साधारण २५ व्या आठवड्याच्या सुमारास ऐकू यायला लागतं, म्हणजे तुम्ही काही लावलं नसलं तरी तुमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच होतं, तुम्ही फोनवर बोललात, भांडलात, हसलात, सगळं. १९८० चा एक फार सुंदर प्रयोग आहे, अगदी ३ दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली, ती एका लयीत चोखली तर आईचा आवाज ऐकू येणार आणि दुसऱ्या लयीत चोखली तर परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज येईल तशीच चोखायला लागली! तेव्हा ‘मी काही ऐकवलं नाही’ हे मनातून काढून टाका.

त्या रात्री जे झालं तेही नेमकं असंच व्हायचं होतं. कॅनडात माँट्रियलला ६ ते ९ महिन्यांच्या बाळांवर एक अभ्यास झाला, त्यांना अनोळखी भाषेतलं, तुर्की, गाणं ऐकवलं, आणि बाळ किती वेळ न रडता राहतं ते मोजलं. गाणं चालू असताना सरासरी ९ मिनिटांच्या आसपास, आणि नुसतं बोलणं, अगदी बाळाशी बोलतो तसं लाडिक बोलणं असलं तरी ४ मिनिटांच्या आसपास. भाषा कळत नव्हती, गाणारी बाई समोरही नव्हती. तुमच्या लेकीला तर तुमचा चेहरा दिसत होता आणि हनुवटीवर हात होता, हनुवटीतून गुणगुणणं हाताला जाणवतं, स्वतःच्या हनुवटीवर हात ठेवून बघा.

पानोपानी:

मी शिक्षणशास्त्राची लायब्ररी सांभाळतो, त्यामुळे या विषयावरचं बरंच डोळ्यांखालून गेलंय. मेंदू तल्लख होतो हे कुठून आलं ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मी चिंता जाते.

१९९३ मध्ये नेचर या नियतकालिकात एक पानाचा छोटा लेख आला होता. ३६ कॉलेजचे विद्यार्थी, परत वाचा, कॉलेजचे, बाळं नव्हेत. त्यांना १० मिनिटं मोझार्ट या जुन्या पाश्चात्त्य संगीतकाराची दोन पियानोंसाठीची एक रचना ऐकवली आणि मग कागदाच्या घड्या मनात उलगडून बघायच्या असतात तसल्या चाचण्या दिल्या. नुसतं शांत बसल्यावर आले त्यापेक्षा त्यांचे गुण जास्त आले, बुद्ध्यांकाच्या भाषेत सांगायचं तर ८-९ अंकांनी, आणि तो फरक १०-१५ मिनिटांत विरून गेला. बस, एवढंच. त्यात बाळ नाही, गणित नाही, कायमचा बदल नाही. पण बातमी फिरत गेली आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद मागितली. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी तोपर्यंतचे जवळपास ४० अभ्यास एकत्र करून पाहिले, तर मोझार्टचं असं खास काही उरलंच नाही. मनाला तरतरी आणणारं काहीही ऐकलं की थोडा वेळ माणूस जास्त सावध असतो, बहुतेक तेवढंच.

तुमच्या प्लेलिस्टच्या प्रश्नाला मात्र सरळ लागू होणारा एक अभ्यास आहे. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठातला, २०१२ चा. ६ महिन्यांच्या बाळांचे दोन गट. एका गटात आईबाप आणि बाळं दर आठवड्याला एकत्र जमून गाणी म्हणायचे, ठेका धरायचे, तीच तीच गाणी घरीही म्हणायचे. दुसऱ्या गटात मागे रेकॉर्डेड संगीत चालू आणि बाळं खेळण्यांशी खेळतायत. ६ महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातली बाळं बोट दाखवणं, टाटा करणं अशा खुणा जास्त करत होती, जास्त हसत होती, रडली तर लवकर शांत होत होती. दोन्हीकडे संगीत होतंच, फक्त एकीकडे माणूस गात होतं. तुमची लेक स्पीकरकडे बघत नाही आणि तुमच्या तोंडाकडे बघते, ती तिच्या परीने हेच सांगतेय.

धडपडे_बाबा:

@पानोपानी दादा, मग क्लासचा काही उपयोग नाही असं म्हणायचंय का? आम्ही मुलाला ४ वर्षांचा असताना कीबोर्डला घातलं, बुद्धी वाढते म्हणूनच घातलं होतं.

पानोपानी:

उपयोग नाही असं नाही, पण ज्या कारणासाठी घालतात ते कारण कच्चं आहे. २००४ मध्ये टोरंटोत १४४ मुलांवर, सगळी ६ वर्षांची, एक चांगला प्रयोग झाला होता. काहींना कीबोर्ड, काहींना गायन, काहींना नाटक, काहींना काहीच नाही, ३६ आठवडे. संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ७ अंकांनी वाढला आणि बाकीच्यांचा ४.३ ने, कारण शाळेत गेल्यावर सगळ्यांचाच थोडा वाढतो. म्हणजे फरक पडला पण तो पावणेतीन अंकांचा. आणि गंमत बघा, इतरांशी वागणं सुधारलं ते नाटकवाल्या मुलांचं. पुढे २०२० मध्ये ५४ अभ्यास आणि जवळपास ७ हजार मुलांची आकडेवारी एकत्र केली गेली तेव्हा असं दिसलं की प्रयोग जितका काटेकोर तितका हा फायदा शून्याकडे सरकतो. पण संगीत शिकून संगीत येतं, हात बसतो, कान तयार होतो, ते काय कमी आहे? मला तरी वाटत नाही.

धडपडे_बाबा:

खरंय. मग माझंही सांगतो, कोणाला उपयोग झाला तर. आम्ही मुलाला रोज ४० मिनिटं बसवायचो, अलार्म लावून. मी शेजारी बसायचो, सूर चुकला की मी सांगायचो चुकला, बोट चुकलं की सांगायचो चुकलं, माझ्या मनात सतत हेच की याचा मेंदू घडतोय, एक दिवस वाया जाता कामा नये. ६ वर्षांचा झाला तेव्हा अलार्म वाजला की याच्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं, नाटक नव्हतं, डॉक्टरकडे नेलं, सगळं नॉर्मल. शेवटी बायकोने कीबोर्ड कपाटावर चढवला. वर्षभर घरात गाणंच नव्हतं. आणि मग एक दिवस मी भांडी घासताना शिट्टी वाजवत होतो, हा मागून येऊन ओट्यावर बोटांनी ठेका द्यायला लागला. मी मागे वळून बघितलंच नाही, बघितलं असतं तर थांबला असता, मी आपला शिट्टी वाजवत राहिलो. आता ९ वर्षांचा आहे, रोज रात्री भांड्यांच्या वेळेला आमचं हे चालतं. कीबोर्ड अजून वरच आहे, त्याने मागितला तर काढू.

मला ती २ वर्षं परत मिळाली तर मी त्याच्याबरोबर नुसतं गायलो असतो.

कानगोष्ट:

चिमणपाखरू, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांच्या श्रवणाचंच काम करते. रोज २ तास प्लेलिस्ट हे वाचून लिहायला बसले, कारण याबद्दल कोणी बोलत नाही.

मागे सतत काहीतरी वाजत असलं की बाळाला बोलण्यातले शब्द वेगळे काढणं अवघड जातं. आपण मोठी माणसं गोंगाटातही वाक्य पकडतो कारण अर्धं आपल्याला आधीच माहीत असतं, अर्धवट ऐकू आलं तरी आपण भरून काढतो. बाळाला काहीच माहीत नाही, तिला प्रत्येक आवाज स्वच्छ ऐकू यायला हवा. म्हणून संगीत लावायचं तर लावा, १०-१५ मिनिटं, तिच्याजवळ बसून, आणि मग बंद करा. शांतता हीसुद्धा कानाची गरज आहे.

आवाज किती, हे पण महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी दिलेली मर्यादा ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, पण घरात मीटर घेऊन कोण बसतंय, त्यामुळे साधी खूण सांगते, हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला तर ते जास्त आहे. बाळाच्या कानाची नळी लहान असते त्यामुळे तोच आवाज तिच्या कानात आपल्यापेक्षा मोठा पोचतो. स्पीकर पाळण्यात ठेवायचा नाही, निदान २ मीटर लांब. हेडफोन तर बाळाला अजिबात नाही. झोपेसाठी जी आवाजाची यंत्रं मिळतात त्यातली १४ यंत्रं २०१४ च्या एका अभ्यासात तपासली होती, ३० सेंटीमीटरवर ठेवून पूर्ण आवाज केला तर त्यातल्या ३ यंत्रांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला. कारखान्यात एवढा आवाज असेल तर कामगारांना कानांची काळजी घ्यायला सांगतात.

आता चांगली बाजू. ताल आणि भाषा या दोन गोष्टी बाळाच्या मेंदूत फार जवळ आहेत. शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे बाळ आघातावरून, लयीवरून ओळखतं, बोलण्यात लिहिल्यासारखी शब्दांमधे मोकळी जागा नसते. सिएटलमध्ये ९ महिन्यांच्या ३९ बाळांवर एक प्रयोग झाला, २०१६ मध्ये छापला गेला. निम्म्या बाळांना महिनाभरात १२ वेळा, दर वेळी १५ मिनिटं, तीन मात्रांच्या ठेक्यावर आईबाबांनी हलवलं, वाजवायला दिलं, बाकीची तेवढाच वेळ खेळण्यांशी खेळली. नंतर ठेक्यात मुद्दाम चूक केली तर संगीतवाल्या बाळांच्या मेंदूने ती जास्त ठळक टिपली, आणि बोलण्याच्या लयीतली चूकसुद्धा, जी त्यांना कोणी शिकवली नव्हती. यावरून हुशार होतील असं मी म्हणणार नाही. पण आता पुढे काय येणार याचा अंदाज बांधायची सवय लागते आणि भाषा शिकताना नेमकं तेच लागतं.

आणि उशीर अजिबात झालेला नाही, उलट ऐन वेळेवर आहात. ६ महिन्यांच्या बाळाला जगातल्या कुठल्याही संगीताचे अवघड, विषम ठेके सारखेच कळतात. १२ महिन्यांपर्यंत कान घरच्या तालाकडे झुकायला लागतो, जसा भाषेच्या बाबतीत होतो तसाच. तेव्हा आत्ता वेगवेगळे ठेके कानावर पडू द्या, चारचे, तीनचे, पाचाचे, सातचे.

एक विचारते, जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती ना? झाली नसेल तर आधी ती करून घ्या. महिन्याच्या आत चाचणी, काही शंका असेल तर ३ महिन्यांच्या आत निदान आणि ६ महिन्यांच्या आत उपाय सुरू, असं वेळापत्रक आम्ही पाळतो. तुमच्या वर्णनावरून लेकीला ऐकू येतंय हे दिसतंच, पण एका कानाचा दोष असा घरात लक्षात येत नाही.

सातमात्रा:

कानगोष्ट यांनी ठेक्याचं काढलं म्हणून भर घालते. ताल कानातून जातो तसा अंगातूनही जातो. २००५ मध्ये ७ महिन्यांच्याच बाळांवर, म्हणजे तुमच्या लेकीएवढ्याच, प्रयोग केला होता. ठेका असा की त्यात जोर कुठेच नाही, सपाट. काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेवर मांडीवर उडवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर असलेले दोन ठेके ऐकवले तर ज्या बाळाला जसं उडवलं होतं तसाच ठेका त्याला जास्त वेळ ऐकावासा वाटला. डोळे बांधलेले असले तरी हेच झालं. पण दुसऱ्या कोणाला उडताना नुसतं बघितलं तर असं काही झालं नाही.

म्हणून सूर नाही हा बहाणा राहिलाच नाही बघा! मांडीवर घ्या, एक-दोन-तीन एक-दोन-तीन म्हणत एकवर थोडं उचला. डायपर बदलताना पाय धरून सायकल चालवतो ना आपण, ती लयीत चालवा. आणि लय मधेच थांबवा, डोळ्यात डोळे घालून २ सेकंद थांबा, मग परत सुरू. ती जे वाट बघते ना तेवढ्या वेळात, श्वास रोखून, पाय ताणून, मला तर वाटतं शिकणं सगळं त्यातच असतं. अशीच १४ महिन्यांची बाळं मोठ्या माणसाबरोबर एका तालात उडवली की नंतर त्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला जास्त वेळा पुढे आली, असंही २०१४ मध्ये दिसलंय.

पानोपानी:

एक राहिलं होतं. ऑस्ट्रेलियात ३ हजारांवर मुलांचा मोठा पाठपुरावा आहे. २-३ वर्षांची असताना ज्यांच्या घरी आईबाप मुलांबरोबर गाणी-बिणी म्हणत, वाजवत, नाचत, त्यांचं ४-५ व्या वर्षी शब्दज्ञान, अंकांची समज, लक्ष टिकवणं, इतरांशी जुळवून घेणं थोडं बरं निघालं, पुस्तकं वाचून दाखवण्याचा परिणाम वजा करूनसुद्धा. फरक छोटा आहे, आणि गाण्यामुळेच झालं हे अशा पाहणीतून छातीठोकपणे सांगता येत नाही, जी माणसं मुलांबरोबर गातात ती इतरही वेळ देत असतील. पण घरातलं साधंसुधं गाणं मोजलं होतं, क्लास नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

चिमणपाखरू:

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. कानाची तपासणी झाली होती, दोन्ही कान नीट आहेत, फाइल काढून बघितली. प्लेलिस्ट बंद केलीय. घर एकदम शांत वाटलं आणि त्या शांततेत लेक किती बडबडते ते पहिल्यांदा ऐकू आलं मला, ती खेळताना सारखं काहीतरी आआ ऊऊ करत असते, ते मला माहीतच नव्हतं इतके दिवस.

@धडपडे_बाबा, तुमचं ते भांड्यांचं वाचून नवरा गप्पच झाला.

आज सकाळी सायकलचं करून बघितलं. गाणं कुठलं म्हणायचं ते सुचेना तर तिच्या नावाचंच केलं, नाव आणि पुढे ‘कुठे गेली, इथे आली’ एवढंच, चाल मला माहीत नाही कुठून आली. ‘इथे’ म्हणून थांबले. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पाय एकदम ताठ केले आणि ओरडली, आनंदाने. मग मी ‘आली’ म्हटलं तर हसून हसून उचकी लागली तिला. ११ वेळा केलं आम्ही. मी मोठ्याने गात होते, खिडकी उघडी होती, आणि ते मला नंतर लक्षात आलं.

एक विचारायचंय, हेच एक गाणं दिवसभर म्हटलं तर चालतं ना? की रोज नवीन हवं?

सातमात्रा:

चालतं ताई, तिला तेच हवंय. तिला पाठ झालं की मगच गंमत सुरू होते. रोज त्याच वेळी म्हणा, डायपरच्या वेळी म्हणजे डायपरच्याच वेळी. आणि ‘इथे’ नंतर थांबायचं थोडं थोडं वाढवा, ३ सेकंद, ४ सेकंद. काही आठवड्यांनी ती जागा ती स्वतः भरायला लागेल, शब्द नसेल, नुसता आवाज असेल. तसं झालं की इथे येऊन सांगा.